भुसा भरलेला माल कडक होतो, मग काडकन का मोडतो?

पीपीत, म्हणजे पॉलीप्रॉपिलीन प्लास्टिकमध्ये, लाकडाचा भुसा भरला की माल कडक होतो आणि प्लास्टिकचा खर्चही वाचतो. मग तोच माल हातातून पडला की तुटतो का? तुटलेला तुकडा उजेडात धरून भिंगातून बघा. भुशाचे तंतू अख्खेच्या अख्खे उपटून आलेले दिसतील आणि त्यांच्या जागी गुळगुळीत भोकं. प्लास्टिकने लाकूड धरलंच नव्हतं, नुसतं गुंडाळलं होतं.

लाकडाला पाण्याची ओढ, पीपीला पाण्याचं वावडं. दोघांना सांधायला आम्ही जो दाणा (कपलिंग एजंट) विकतो तो मुळात पीपीच असतो, फक्त त्याच्या साखळीवर मॅलेइक अनहायड्राइड चढवलेलं असतं. बॅरलच्या, म्हणजे प्लास्टिक वितळवणाऱ्या नळीच्या, उष्णतेत ते लाकडाशी रासायनिक बंध करतं आणि साखळी तुमच्या पीपीत मिसळून जाते. 100 किलो मालात 40 किलो भुसा असेल तर 2 ते 3 किलो दाणा पुरतो. दुप्पट टाकलात तर आमचा खप वाढेल, तुमची ताकद दुप्पट होणार नाही. पीपीऐवजी एचडीपीई (एक प्रकारचं पॉलिथिन) वापरत असाल तर त्याचा वेगळा दाणा मागून घ्या.

"दाणा टाकला, पण फरक काही नाही," असे फोन आम्हाला येतात. आमचा पहिला प्रश्न ठरलेला: भुसा वाळवला होता का? हाताला कोरडा लागणाऱ्या भुशातही 6 ते 10 टक्के ओल असते, पावसाळ्यात त्याहून जास्त. 105 अंशांवर वाळवून ती 1 टक्क्याखाली आणा, आणि वाळवलेलं पोतं उघडं टाकून जेवायला जाऊ नका. बॅरल 200 अंशांच्या आत ठेवा, नाहीतर भुसा करपतो.

एका ग्राहकाचा भुसा खडखडीत वाळलेला होता, तरी पट्ट्या तुटत होत्या. दोन चकरा मारल्यावर कळलं, माल डायला (आकार देणाऱ्या तोंडाला) चिकटू नये म्हणून ऑपरेटर ल्युब्रिकंट म्हणून मूठभर झिंक स्टिअरेट टाकत होता. लाकडासाठी असलेलं अनहायड्राइड त्या स्टिअरेटनेच अडवलं होतं. तिथे धातू नसलेलं अमाइड वॅक्स वापरा.

भुशाऐवजी कोटेड कॅल्शियम (थर दिलेली कॅल्शियम कार्बोनेटची पूड) भरत असाल तर हा दाणा घेऊच नका. त्याच्या कणांवर स्टिअरिक अॅसिडचा थर असतो, दाण्याला धरायला जागा फारशी उरत नाही. 30 टक्के ग्लास (काचेचे तंतू) भरलेल्या पीपीला मात्र 1 ते 2 टक्के दाणा चांगला लागू पडतो. फक्त ग्लास पीपीसाठीचीच आहे ना, नायलॉनची नाही ना, हे विचारून घ्या.

बॅग घेण्याआधी नमुना न्या. दाणा घालून आणि न घालता, दोन्ही प्रकारच्या पट्ट्या काढा, वजन करा, 24 तास पाण्यात बुडवा, पुसून पुन्हा वजन करा. जिने कमी पाणी प्यायलं तिच्यात सांधा बसला. मग दोन्ही मोडून तेच भिंग लावा. तंतू तरीही स्वच्छ उपटून येत असतील तर तुकडे आमच्याकडे पाठवा. सोबत ल्युब्रिकंट कोणतं टाकलं तेही लिहा.