लहान हरणांच्या शिकारीसाठी लहान कॅलिबरची रायफल

रो, मंटजॅक यांसारख्या लहान चणीच्या हरणांच्या शिकारीत ५.७ ते ६.२ मिमी व्यासाची गोळी झाडणारी रायफल वापरली जाते. शिकारीच्या व्यवहारात तिला लहान कॅलिबरची रायफल म्हणतात. कॅलिबर म्हणजे ढोबळमानाने नळीचा अंतर्व्यास. तो बहुधा इंचाच्या दशांशात सांगितला जातो. युरोपातील रो हरीण साधारण १५ ते ३० किलोंचे असते. इंग्लंडमध्ये आढळणारे मंटजॅक हे आपल्या भेकराचे चिनी भाऊबंद. वजन १० ते १८ किलो. चिनी पाणहरीणही जवळपास तेवढेच. हे दोन्ही इंग्लंडचे मूळचे रहिवासी नव्हेत. हौसेने आणून उद्यानांत ठेवलेल्या कळपांतून ते बाहेर पडले आणि पसरले. एवढ्याशा जनावरावर लाल हरणाची जड रायफल चालवली तर मारणाऱ्याच्या खांद्याला हिसका बसतो आणि मांसाचीही नासाडी होते. म्हणून शिकारी लहान कॅलिबरकडे वळतो. पण ‘लहान हरीण, लहान गोळी’ हा हिशेब दिसतो तितका सरळ नाही.

पहिली अडचण नावांची. .२२२ रेमिंग्टन (१९५०), .२२३ रेमिंग्टन (१९६४) आणि .२२-२५० रेमिंग्टन (१९६५) ही तीन वेगळी काडतुसे असली, तरी तिन्हींतील गोळीचा व्यास एकच, .२२४ इंच, असतो. फरक आहे तो मागच्या पितळी कवचात किती दारू मावते याचा. नेहमीच्या भरणीत .२२२ ची ५० ग्रेनची गोळी नळीच्या तोंडाशी सुमारे १,१०० फूट-पाउंड ऊर्जा देते, .२२३ ची ५५ ग्रेनची सुमारे १,२८० आणि .२२-२५० ची तेवढ्याच वजनाची गोळी सुमारे १,६५०. (फूट-पाउंड हे ऊर्जेचे माप, सुमारे १.३६ ज्यूल; एक ग्रेन म्हणजे ०.०६५ ग्रॅम, ५० ग्रेनची गोळी जेमतेम सव्वातीन ग्रॅमची.) .२४३ विंचेस्टर (१९५५) ही पुढची पायरी. .३०८ विंचेस्टरचे कवच मानेशी आवळून हे काडतूस तयार झाले. त्याची १०० ग्रेनची गोळी १,९०० फूट-पाउंडांच्या पुढे जाते. ससे मारण्याची .२२ लाँग रायफल नावाने या घरातली वाटते, पण तिची ऊर्जा शंभरेक फूट-पाउंडांची. हरणासाठी तिचा विचारही करू नये.

कायदा बऱ्याचदा निवड आधीच करून ठेवतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९१ च्या हरीण कायद्यानुसार हरणासाठी किमान .२४० इंच कॅलिबर आणि १,७०० फूट-पाउंड ऊर्जा लागते. २००७ मध्ये फक्त मंटजॅक आणि चिनी पाणहरीण यांच्यापुरती सूट मिळाली: .२२० इंच कॅलिबर, १,००० फूट-पाउंड आणि किमान ५० ग्रेनची गोळी. रो हरणाला ही सूट नाही. स्कॉटलंडमध्ये मात्र रो हरणासाठी किमान ५० ग्रेनची गोळी, सेकंदाला २,४५० फूट वेग आणि १,००० फूट-पाउंड एवढे पुरते. व्यासाची अट नाही. परिणामी सीमेच्या उत्तरेला .२२२ ने कायदेशीरपणे मारता येणारे रो हरीण चरत चरत दक्षिणेला आले, तर त्याच शिकाऱ्याला .२४३ काढावी लागते. हरणाच्या छातीत अर्थातच काही फरक पडलेला नसतो. जर्मनीत मोजमापच वेगळे: ऊर्जा नळीच्या तोंडाशी न मोजता १०० मीटरवर मोजतात आणि रो हरणासाठी ती किमान १,००० ज्यूल हवी. ही पद्धत अधिक शहाणपणाची म्हणावी लागेल, कारण हरीण नळीच्या तोंडाशी उभे नसते.

या अटींमुळे एक बारीक मुद्दा निसटतो. काडतुसाच्या खोक्यावर छापलेली ऊर्जा बहुधा २४ इंची नळीतून मोजलेली असते. झाडीत वावरायला सोपी म्हणून १८ इंची नळी घेतली की वेग कमी होतो. .२२२ सारख्या काडतुसाला किमान मर्यादेच्या वर मुळातच थोडी जागा असते. ती अशी सहज संपते. मग कागदावर कायदेशीर असलेली रायफल प्रत्यक्षात मर्यादेखाली जाऊ शकते. वेगमापकावर आपल्या नळीतून आपली गोळी तपासून पाहणे हाच खात्रीचा मार्ग.

कॅलिबरवरून वाद घालणारे शिकारी एका गोष्टीकडे हमखास दुर्लक्ष करतात: गोळीची घडण. .२२ व्यासाच्या बाजारातील बऱ्याच गोळ्या कोल्हे आणि उपद्रवी लहान प्राण्यांसाठी बनवलेल्या असतात. त्यांचे तांब्याचे आवरण पातळ असते आणि लागताक्षणी फुटून विखुरणे हेच त्यांचे काम. कोल्ह्यावर ते ठीक. हरणाच्या खांद्याच्या हाडावर अशी गोळी आपटली तर वरच्यावर फुटते; बाहेरून भयंकर दिसणारी उथळ जखम होते, फुप्फुसे शाबूत राहतात आणि जनावर त्या अवस्थेत पळून जाते. हरणासाठीची गोळी याच्या उलट हवी: टोकाशी फुलावी, पण मागचा भाग एकसंध राहून छाती आरपार भेदावी. बाहेरून दोन्ही गोळ्या सारख्याच दिसतात आणि वजनही तेच असू शकते, त्यामुळे खोक्यावर लिहिलेला उपयोग वाचण्याला पर्याय नाही. चांगल्या घडणीची .२२३ ची गोळी वाईट निवडलेल्या .२४३ च्या गोळीपेक्षा रो हरणावर अधिक भरवशाची ठरते. न फुलणारी, सैनिकी घडणीची पूर्ण आवरणाची गोळी तर नकोच. ती बारीक भोक पाडून निघून जाते. इंग्लंडमध्ये हरणासाठी मऊ किंवा पोकळ टोकाचीच गोळी चालते.

गोळीच्या निवडीला नळीतील आट्यांची मर्यादा पडते. आटे म्हणजे नळीच्या आतल्या पेचदार खाचा; ते गोळीला फिरकी देतात आणि त्या फिरकीमुळे ती हवेत सरळ राहते. जितकी लांब गोळी, तितके आटे घट्ट हवेत. जुन्या .२२२ आणि .२२-२५० रायफलींत १४ इंचांत एक फेरा असतो. तो ५०-५५ ग्रेनच्या गोळीला पुरतो, लांब गोळीला नाही. आजच्या .२२३ मध्ये ९ किंवा ८ इंचांत एक फेरा सहज मिळतो. तांब्याच्या गोळ्या आल्यापासून हा मुद्दा ऐरणीवर आला. तांब्याची घनता शिशापेक्षा कमी, म्हणून त्याच वजनाची तांब्याची गोळी लांब होते आणि जुनी नळी तिला सांभाळू शकत नाही. कागदी लक्ष्यावर गोळीचे भोक गोल न उमटता लांबट उमटले, तर गोळी आडवी होऊन लागते आहे असे समजावे.

लहान कॅलिबरचा खरा फायदा हिसक्यात आहे. हिसका कमी असल्याने चाप ओढताना नेमबाज दचकत नाही आणि गोळी झाडल्यावरही दुर्बिणीत हरीण दिसत राहते. ते कसे उसळले, कोणत्या बाजूला गेले हे डोळ्यांनी टिपता येते. तोटा असा की चुकीला जागा कमी. रो हरणाचे हृदय आणि फुप्फुसे मिळून होणारे लक्ष्य साधारण १० ते १२ सेंमीचे, लहान बशीएवढे. ब्रिटनमधील हरीण-शिकारीच्या पहिल्या पायरीच्या चाचणीतही सुमारे १०० मीटरवर ४ इंचांच्या वर्तुळात तीन गोळ्या बसवाव्या लागतात, ते याच हिशेबाने. मोठ्या गोळीने हे लक्ष्य काही मोठे होत नाही, पण ती कडेला लागली तरी थोडे निभावून नेते. हलकी गोळी वाऱ्याने सरकते, आणि मध्ये आलेल्या गवताच्या काडीनेही बिघडते. म्हणून या रायफलींसाठी १००-१५० मीटरच्या आत, आडव्या उभ्या असलेल्या, स्थिर हरणावरच गोळी झाडण्याचा संकेत आहे. समोरून छाती रोखून उभे असलेले किंवा पाठमोरे हरीण सोडून द्यावे.

हृदयात गोळी लागलेले रो हरीणही पन्नास मीटर धावू शकते. .२२ ची गोळी पुष्कळदा पलीकडून बाहेर पडत नाही, त्यामुळे रक्ताचा माग तुटक मिळतो. गवतावर दोन-चार थेंब, एखाद्या पानावर फुप्फुसाचे फेसाळ गुलाबी रक्त, आणि पुढे काहीच नाही. मंटजॅक तर काटेरी झुडपांच्या तळाशी घुसून पडते आणि दोन पावलांवरूनही दिसत नाही. गोळी लागली तेव्हा ते जिथे उभे होते ती जागा मनात पक्की करून ठेवणे आणि माग काढणारा कुत्रा सोबत असणे हे इथे रायफलीइतकेच महत्त्वाचे. मंटजॅक वर्षभर विते. म्हणून इंग्लंडमध्ये त्याला बंदीचा हंगाम नाही आणि मादी मारताना ती स्पष्ट गाभण किंवा अजून कोवळी असल्याचे पाहून निवडावी, म्हणजे मागे पोरके पिलू राहत नाही.

रायफलीच्या बाकी अंगांबद्दल थोडक्यात सांगता येते. बोल्ट-अ‍ॅक्शन (प्रत्येक गोळीनंतर हाताने खिट्टी ओढून भरायची), साफ सुटणारा चाप, पहाटेच्या अंधुक उजेडात चालेल अशी दुर्बीण. ध्वनिशामक लावल्यास हिसका आणखी घटतो, पण नळीची लांबी वाढते. मचाणावरून खाली झाडलेली गोळी मातीत जाते; सपाट जमिनीवर हरणाच्या मागे मातीचा उतार नसेल तर चाप ओढू नये. हलकी गोळी जमिनीवर आदळून फुटण्याची शक्यता जास्त असते, पण त्यावर विसंबता येत नाही.

एकाच रायफलीत कोल्हा, मंटजॅक आणि रो हरीण बसवायचे असेल, तर इंग्लंडमध्ये .२४३ ला फारसा पर्याय नाही. केवळ मंटजॅकसाठी .२२३ अधिक सुखाची: काडतुसे सहज मिळतात आणि हिसका जवळजवळ नाहीच. शिशाच्या गोळ्यांवरील निर्बंधांनी हे गणित आता नव्याने हलले आहे. २०२५ मध्ये ब्रिटिश सरकारने जाहीर केलेल्या बंदीत रायफलीच्या गोळ्यांसाठी ६.१७ मिमी ही सीमा आहे, आणि .२४३ इंच म्हणजे नेमके ६.१७ मिमी. म्हणजे .२४३ वाल्याला तांब्याकडे वळावे लागेल, .२२३ वाल्याला शिसे चालेल. मात्र हरणाचे मांस विकत घेणारे अनेक व्यापारी आधीपासूनच शिसेविरहित गोळीने मारलेले जनावर मागतात, त्यामुळे विक्रीसाठी मारणाऱ्या .२२३ वाल्यालाही आपल्या नळीचे आटे मोजून पाहावे लागतात.