हॅनफर्डच्या कंत्राटावरून झालेले वाद : पार्श्वभूमी

अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या हॅनफर्डला अण्वस्त्रांसाठी प्लुटोनियम तयार होत असे. त्यातून उरलेला सुमारे २१ कोटी लिटर किरणोत्सारी कचरा १७७ भूमिगत टाक्यांत आहे. त्यांतल्या १४९ टाक्या एकेरी कवचाच्या, आणि काही गळक्या. सफाईचा कंत्राटदार ऊर्जा विभाग निवडतो.

आपल्याकडच्या ‘एल-१’ची, म्हणजे सर्वांत कमी किमतीच्या निविदेला काम देण्याची, सवय असलेल्याला ही निवड विचित्र वाटेल. कामाची पद्धत, प्रमुख अधिकारी आणि पूर्वीचा अनुभव यांचं वजन किमतीपेक्षा जास्त ठेवता येतं. शिवाय ‘खर्च + मोबदला’ अशा, म्हणजे प्रत्यक्ष खर्च भरून देऊन वर मोबदला देणाऱ्या कंत्राटात निविदेतला आकडा बंधनकारक नसतो, म्हणून खरा खर्च किती येईल याचा अंदाज विभागालाच बांधावा लागतो. भांडणं इथेच उपटतात. निविदेत न सांगितलेला निकष लावला, एकाचा दोष धरला आणि तसाच दुसऱ्याचा सोडला, किंवा अंदाज बदलला पण कारण नोंदवलं नाही.

१९८४च्या कायद्यानुसार जीएओ ही संसदेची लेखापरीक्षण संस्था अशा तक्रारींवर १०० दिवसांत निर्णय देते. तक्रार मुदतीत आली तर कामही सहसा थांबतं. पण जीएओ गुण नव्याने देत बसत नाही. मूल्यमापन निविदेला धरून झालं का आणि कागदावरची कारणं पटतात का, एवढंच पाहते. तक्रारदाराला दुसरी वाट फेडरल क्लेम्स न्यायालयाची, म्हणजे केंद्र सरकारविरुद्धचे दावे ऐकणाऱ्या न्यायालयाची.

हॅनफर्डच्या टाक्यांचं सुमारे १३ अब्ज डॉलरचं कंत्राट मे २०२०मध्ये जाहीर झालं, तक्रारी आल्या आणि पुढे ते रद्द झालं. मग टाक्या आणि कचरा काचेत मिसळून घट्ट करणारा प्रकल्प एकत्र करून ४५ अब्ज डॉलरपर्यंतचं नवं कंत्राट निघालं. एप्रिल २०२३मध्ये ते ‘एचटूसी’ या संयुक्त कंपनीला मिळालं. प्रतिस्पर्धी न्यायालयात गेला, आणि निवड अडली ती तांत्रिक गुणांवर नव्हे, तर नोंदणीवर! सरकारी कंत्राटदारांच्या ‘सॅम’ यादीतली एचटूसीची नोंदणी मधल्या काळात खंडित झाली होती. निविदा भरल्यापासून कंत्राट मिळेपर्यंत नोंदणी चालू हवी, असं २०१८पासून नियमात स्पष्ट लिहिलेलं होतं. जून २०२३मध्ये न्यायालयाने निवड अवैध ठरवली.

फेब्रुवारी २०२४मध्ये विभागाने पुन्हा एचटूसीलाच निवडलं. नोव्हेंबर २०२४मध्ये नियमही सैल झाला: नोंदणी निविदा भरताना आणि कंत्राट देताना असली म्हणजे पुरे. या सगळ्या काळात टाक्या २००८पासूनच्या जुन्याच कंत्राटदाराकडे, मुदतवाढीवर होत्या.