टू-टी ऑइल वेगळं, चेन ऑइल वेगळं: चेनसॉच्या दोन टाक्यांचा घोळ

पिस्टन चिकटलेली चेनसॉ कोणी घेऊन आलं की माझा पहिला प्रश्न एकच असतो, "ऑइल टाकलं होतं का?" आणि उत्तरही एकच येतं, "अहो टाकी फुल आहे, उघडून बघा ना." टाकी खरंच फुल असते. पण ती चेन ऑइलची टाकी, आणि पेट्रोलच्या टाकीत असतं कोरं पेट्रोल. सिलिंडर खोलला की पिस्टनवर उभे ओरखडे, रिंगा खाचेत घट्ट बसलेल्या, आणि मालक विचारतो ऑइल भरूनसुद्धा असं कसं झालं. हे इतक्या वेळा बघितलंय की आता नीट लिहूनच काढतो.

निसर्ग वादळ आलं ३ जून २०२० ला, पुढच्याच मे महिन्यात तौक्ते, माड-पोफळी आडव्या, आंबे-फणस मुळासकट उपटलेले, आणि कापायला माणूस मिळेना. त्यानंतर आमच्या बाजूला बऱ्याच बागायतदारांनी स्वतःची मशीन घेतली, ते बरंच झालं. पण मशीन खोक्यातून निघाली आणि थेट बागेत गेली, माहितीपुस्तक खोक्यातच राहिलं.

आधी टू-टी ऑइल, म्हणजे टू-स्ट्रोक इंजिनासाठी पेट्रोलमध्ये मिसळायचं ऑइल, ते तुम्हाला माहीत आहे त्यामुळे भराभर. जुनी चेतक स्कूटर चालवलेल्या प्रत्येकाला हे पाठ आहे, टू-स्ट्रोक इंजिनात ऑइलचा वेगळा साठा नसतो, पेट्रोलमध्ये मिसळलेलं ऑइलच आत जाऊन क्रँकची बेअरिंगं आणि पिस्टन ओले ठेवतं आणि मग जळून सायलेन्सरमधून बाहेर पडतं. चेनसॉचं इंजिन तसंच. चांगलं ऑइल असेल तर साधारण ५० ला १, म्हणजे लिटरला २० मिली. काही मशीनना २५ ला १ लागतं, म्हणजे लिटरला ४० मिली, तुमच्या मशीनचं पुस्तक काय सांगतं ते धरा, शेजाऱ्याच्या मशीनचं नको. डब्यावर जासो एफडी, निदान एफसी (ही टू-टी ऑइलची प्रत) लिहिलेलं बघा. गाडीचं २०डब्ल्यू४० इंजिन ऑइल पेट्रोलमध्ये मिसळू नका, ते अशा प्रकारे जळण्यासाठी बनवलेलंच नाही, प्लग आणि सायलेन्सर काजळीने भरतो. बाटलीच्या झाकणाने अंदाजे माप घेणं मला अजिबात चालत नाही, मेडिकलमध्ये मोठी सिरिंज मिळते ती आणा. आणि हल्ली पंपावरच्या पेट्रोलात इथेनॉल असतं, ते हवेतली ओल ओढून घेतं, म्हणून लागेल तेवढंच मिक्स बनवा, महिन्यापेक्षा जुनं वापरू नका. झालं, एवढंच.

आता खरी गोष्ट. लोक चुकतात कुठे?

बहुतेकांच्या घरी चेनसॉच्या आधी ग्रास कटर आलेला असतो. आणि त्यातले बरेच फोर-स्ट्रोक असतात, ज्यात एका झाकणातून साधं पेट्रोल जातं आणि दुसऱ्या झाकणातून इंजिन ऑइल. हात त्यालाच सरावलेला असतो. मग चेनसॉ हातात येते, तिलाही दोन झाकणं, मागच्या मुठीकडे एक आणि पुढे बारच्या (चेन जिच्या कडेने फिरते त्या लांब पट्टीच्या) जवळ एक. सरळ हिशेब होतो, एक पेट्रोलचं आणि एक इंजिन ऑइलचं. पेट्रोल कोरं भरलं, दुसऱ्यात ऑइल भरलं, दोरी ओढली, मशीन सुरूही झाली! हेच घातक आहे, कारण मशीन लगेच तक्रार करत नाही, चालते, उलट धूर कमी दिसतो म्हणून माणूस खूश असतो, दोन-चार ओंडके कापूनही होतात आणि मग अचानक आवाज बदलतो आणि इंजिन जागच्या जागी थांबतं.

तर हे डोक्यात पक्कं बसवा. चेनसॉच्या त्या दुसऱ्या टाकीचा इंजिनाच्या आतल्या भागाशी काहीही संबंध नाही. तिच्यातला एक थेंबही पिस्टनपर्यंत जात नाही. ती टाकी फक्त चेन आणि बारसाठी आहे, आणि इंजिनाला मिळणारं सगळं ऑइल पेट्रोलमधूनच जातं.

त्या टाकीतलं ऑइल कुठे जातं ते एकदा डोळ्यांनी बघा. मशीन बंद करा, प्लगची कॅप काढा, चेन ब्रेक सोडा, बाजूचं कव्हर खोला, बार आणि चेन बाजूला करा. मशीनच्या अंगावर, बार जिथे टेकतो तिथे, एक बारीक भोक दिसेल. आतला छोटा पंप टाकीतलं ऑइल तिथे आणून सोडतो. त्याच्या समोर बारलाही तेवढंच बारीक भोक असतं आणि ते बारच्या कडेच्या खाचेत उघडतं. चेनच्या मधल्या कड्यांना खाली जी शेपटी असते ती या खाचेतून धावते, आणि रहाटाचे लोटे जसे पाणी उचलून नेतात तशी ऑइल उचलत टोकापर्यंत नेते. टोकाला वळताना बरंचसं ऑइल उडून जातं, उरलेलं खालच्या बाजूने परत येताना भुशात मिसळतं. परत टाकीत काही येत नाही. म्हणजे हे ऑइल बदलायचं नसतं, संपवायचं असतं, प्रत्येक वेळी नवं भरायचं.

म्हणूनच चेन ऑइल चिकट असतं. चेन सेकंदाला वीसेक मीटर वेगाने धावते, म्हणजे ताशी ७० किलोमीटरच्या आसपास, आणि टोकाशी एकदम उलटी वळते, तिथे पातळ ऑइल टिकणार कसं? बोटावर थेंब घेऊन दुसऱ्या बोटाने हळूच उचला, चांगल्या चेन ऑइलचा तार निघतो. टू-टी ऑइलचा निघत नाही. टू-टी बनवलंय पेट्रोलात विरघळून स्वच्छ जळायला आणि चेन ऑइल बनवलंय लोखंडाला धरून राहायला, ही दोन कामं जवळजवळ उलटी आहेत. त्यामुळे "दोन्ही ऑइलच ना, एकाच्या जागी दुसरं चालेल" हे चालत नाही. टू-टी चेनला दिलं तर टोकापर्यंत पोचायच्या आत उडून जातं आणि वर महाग पडतं. चेन ऑइल पेट्रोलमध्ये गेलं तर प्लग आणि कार्बोरेटर माखतात, आणि इंजिनाला हवं ते वंगण मिळतच नाही. चुकून झाकणांची अदलाबदल झालीच तर मशीन सुरू करून बघू नका, टाकी रिकामी करा, ती पेट्रोलची असेल तर थोडं मिक्स घालून खळबळून ओतून टाका, मग भरा. ऑइलच्या टाकीत पेट्रोल गेलं असेल तर जास्तच जपा, ते पेट्रोल गरम बारवर जाणार आहे. झाकणांवर चित्रं असतात, एकावर पेट्रोल पंप आणि दुसऱ्यावर थेंब किंवा थेंबाशेजारी चेन, ती चिखलाने बुजतात, म्हणून मी सरळ रंग लावतो, पेट्रोलच्या झाकणाला लाल. मिक्सच्या कॅनलाही तोच लाल.

या फरकाची अजून एक बाजू आहे आणि तीही खूप जण विसरतात. वीजेवरची किंवा बॅटरीवरची चेनसॉ घेतली की म्हणतात, चला, ऑइलची कटकट गेली. गेली ती टू-टीची कटकट. चेन तर तशीच धावतेय ना, बारही तोच! इलेक्ट्रिक मशीनलाही चेन ऑइलची टाकी असते आणि खोक्यातून येताना ती रिकामी असते. पेट्रोल नाही म्हणून भरायचं काही नाही असं समजून सुरू केली की पहिल्याच दिवशी बार निळा पडतो.

आता त्या टाकीत काय घालायचं. चेन ऑइल घाला, दुसरं उत्तर नाही. गॅरेजमधून आणलेलं जळकं काळं ऑइल घालायची जी पद्धत पडलीय ती मला मनापासून नकोशी आहे. फुकट मिळतं हे मान्य, पण त्यात झिजलेल्या धातूची पूड असते, ती पंपाला आणि बारला घासते, बारीक भोकं बुजवते. आणि हे ऑइल बाष्पासारखं उडून तुमच्या हातावर, तोंडावर, नाकात आणि बागेतल्या मातीत जातं, ज्यात कॅन्सर करणारे घटक असतात. ज्या माडाखाली आपण शेणखत घालतो तिथेच हे कशाला फवारायचं? खोबरेल तेलही सांगणारे भेटतात. खोबरेल २४-२५ डिग्रीच्या खाली थिजतं, महाबळेश्वर-आंबोलीच्या थंडीत सकाळी पंपातून येणारच नाही, आणि इतर खाद्यतेलं मशीन पडून राहिली की चीक धरून सगळं चिकटवून टाकतात. अगदीच अडलं तर नवं, कोरं इंजिन ऑइल एक दिवस चेनला चालवून घ्या, लवकर उडेल, जास्त लागेल, पण घात करणार नाही.

ऑइल टाकीत आहे म्हणजे चेनला पोचतंय असं मात्र नसतं. त्याची परीक्षा सोपी. कापलेल्या बुंध्याच्या पांढऱ्या भागासमोर किंवा पुठ्ठ्यासमोर बारचं टोक वीतभर लांब धरा, टेकवू नका, मशीन दोन्ही हातात घट्ट, आणि अर्धा रेस द्या. थोड्या वेळात पुठ्ठ्यावर ऑइलची बारीक रेघ उमटली पाहिजे. नाही उमटली तर थांबा, बार काढा, खाचेतला ओला भुसा पातळ पट्टीने खरवडा, दोन्ही भोकं साफ करा. दुसरी खूण अशी, पेट्रोलची टाकी संपते तेव्हा ऑइलच्या टाकीत तळाला थोडंसं उरलेलं असावं, बऱ्याच मशीनच्या टाक्यांची मापं त्याच हिशेबाने असतात. पेट्रोल संपलं आणि ऑइल अजून तुडुंब, तर खूश होऊ नका, ऑइल जातच नाहीये. म्हणून नियम करा, पेट्रोल भरलं की त्याच वेळी ऑइलही भरायचं. आणि ठेवलेल्या मशीनखाली थोडं ऑइल ओघळलेलं दिसलं तर घाबरू नका, बहुतेकींचं ओघळतं, खाली पुठ्ठा ठेवा.

कोरडी चेन आणि बोथट चेन यातही गोंधळ होतो पण तो किरकोळ. धार असेल तर जाड कीस पडतो, बोथट झाली की पिठासारखा भुसा पडतो आणि तुम्हाला मशीन दाबावी लागते. दाबायची वेळ आली म्हणजे गोल कानस काढायची वेळ आली. कोरडी असेल तर धूर बारमधून येतो आणि चेन तापून सैल पडते. आडव्या पडलेल्या झाडाला वाळू-माती लागलेली असते, तिथे धार क्षणात जाते, आधी झाडून घ्या. ताण बघायचा तो चेन थंड असताना, हातमोजे घालून, बारला खालून चिकटलेली आणि हाताने ओढली की सरकणारी इतपत. काम झाल्यावर गरम चेन ताणून ठेवलीत तर ती थंड होताना आवळते, थोडी सैल सोडून ठेवा. धार लावताना बार उलटा करून बसवत जा म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतात.

वापरताना एका गोष्टीवर मी कोणाशी तडजोड करत नाही, बारच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागू द्यायचा नाही. तिथे चेन अडकली की सगळा बार डोळ्याचं पातं लवायच्या आत तुमच्या चेहऱ्याकडे उसळतो. ग्रास कटरही झटका देतो, पण तो अंगापासून लांब असतो, हा थेट मानेच्या उंचीला येतो. म्हणून डावा अंगठा पुढच्या मुठीखालून वळवून धरा, मशीन खांद्याच्या वर नेऊ नका, शिडीवर चढून तर कधीच नाही, आणि चेन ब्रेक रोज सुरुवातीला तपासा. रेस सोडल्यावरही चेन फिरत राहत असेल तर ती मशीन कामाला न्यायचीच नाही, आयडल, म्हणजे रेस न देता असतो तो इंजिनाचा वेग, कमी करून घ्या. लुंगी, गळ्यातला पंचा, सुटा शर्ट नको. बूट, गॉगल, कानाला मफ आणि जमलं तर पायांना चेनसॉची खास पँट. वादळात पडलेली झाडं एकमेकांवर ताणून पडलेली असतात, कुठली फांदी सुटल्यावर कुठे उडेल हे कळत नसेल तर ते काम जाणत्या माणसाकडे द्या. पेट्रोल भरताना इंजिन बंद आणि थंड, आणि जिथे भरलं तिथून निदान तीन मीटर बाजूला जाऊन सुरू करा. उभं झाड तोडायचं असेल तर परवानगीचं आधी बघा, शहरात नगरपालिकेची, गावात वनखात्याची चौकशी करा.

पावसाळ्यात मशीन दोन-तीन महिने पडून राहणार असेल तर पेट्रोलची टाकी रिकामी करा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा म्हणजे कार्बोरेटरमधलंही संपेल. ऑइलची टाकी रिकामी करायची गरज नाही. चेन काढून ब्रशने साफ करा आणि चेन ऑइलमध्ये बुडवून डबा झाकून ठेवा, कोकणातल्या दमट हवेत कोरडी टांगलेली चेन गणपतीपर्यंत गंजलेली असते.