स्लाइड गिटार : ब्लूजमधली गाणारी तार

स्लाइड गिटार हे गिटारवादनाच्या एका रीतीचे नाव आहे. डाव्या हाताच्या बोटांनी तारा दाबण्याऐवजी एका बोटात काचेची किंवा धातूची नळी घालून ती तारांवरून सरकवतात. आपल्याकडे विचित्रवीणेवर काचेचा बट्टा फिरतो, त्यातलाच हा प्रकार. एका स्वरातून दुसऱ्या स्वरात सलग जाता येते, आणि हिंदुस्थानी संगीत ऐकणाऱ्याला ‘मींड’ म्हटले की पुढचे सांगावे लागत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या, त्यातही मिसिसिपी राज्याच्या डेल्टा प्रदेशातल्या कृष्णवर्णीय गायकांनी ही रीत ब्लूज या आपल्या लोकगायनाला जोडली. गायक ओळ अर्धी सोडतो आणि तार ती पुरी करते. या परंपरेतला कोणताही अल्बम ऐकताना आधी हेच पाहावे : तार गाते आहे की नुसती वाजते आहे.

नळी तारेला फक्त टेकवायची असते. दाबली तर तार खाली पडद्यांवर आपटून खडखडते, म्हणून या वाद्यांच्या तारा जाड आणि पट्टीपासून जरा उंच ठेवतात. नेहमीच्या गिटारवर बोट पडद्याच्या किंचित मागे पडते; नळी मात्र पडद्याच्या बरोबर वर यावी लागते, केसभर मागे राहिली तरी सूर उतरतो. नळीच्या मागच्या बाजूला तारांवर एखादे बोट हलके टेकवून ठेवावे लागते, नाहीतर तिकडचा अर्धा भागही गुणगुणू लागतो. बहुतेक वादक नळी करंगळीत किंवा अनामिकेत घालतात, म्हणजे उरलेली बोटे मोकळी राहतात. बाटलीची कापलेली मान, खिशातला चाकू, पाण्याच्या नळाचा तुकडा, औषधाची रिकामी बाटली, जे मिळेल ते चालते. मिसिसिपी फ्रेड मॅक्डॉवेल या ब्लूज गायकाने ही रीत पहिल्यांदा आपल्या काकाकडे पाहिली, तेव्हा काकाच्या हातात बैलाच्या बरगडीचे घासून गुळगुळीत केलेले हाड होते.

तारा सहसा अशा जुळवतात की मोकळ्या छेडल्या तरी एक स्वरमेळ वाजावा. डी-जी-डी-जी-बी-डी या जुळणीला जुने वादक ‘स्पॅनिश’ म्हणत, डी-ए-डी-एफ शार्प-ए-डी हिला ‘व्हेस्टापोल’. ही नावे एकोणिसाव्या शतकात घरोघरी वाजवल्या जाणाऱ्या दोन गिटाररचनांवरून आली. ब्लूजचा खरा जीव मात्र कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मधल्या जागेत आहे. पियानोवर ती जागा नाही, पडद्यावर बोट ठेवूनही ती सरळ मिळत नाही. स्लाइड तिथे हवा तितका वेळ थांबू शकते, थरथरू शकते.

या रीतीचे उगम दोन सांगितले जातात आणि दोन्ही खरे मानायला हरकत नाही. पहिला आफ्रिकेकडून आलेल्या एकतारी वाद्यांचा. डेल्टातली मुले घराच्या लाकडी भिंतीवर दोन खिळे ठोकून त्यांच्यात केरसुणीची तार ताणत, खाली घोडीसारखी बाटली सरकवत आणि दुसऱ्या बाटलीने सूर बदलत. याला ‘डिडली बो’ म्हणतात. घराची भिंतच तुंबा. आपल्या तुणतुण्याएवढेच साधे वाद्य, फक्त त्यात सूर सरकतो. दुसरा उगम हवाई बेटांचा. तिथे जोसेफ केकुकू या तरुणाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मांडीवर आडव्या गिटारवर पोलादी तुकडा फिरवून वाजवण्याची पद्धत रुळवली, आणि १९१५ च्या सॅन फ्रान्सिस्को येथील प्रदर्शनानंतर हवाईयन गिटारचे वेड सगळ्या अमेरिकेत पसरले. पण त्याच्या बऱ्याच आधी, १९०३ च्या सुमारास, टटवाइलर नावाच्या लहानशा रेल्वे स्थानकावर गाडीची वाट पाहणाऱ्या डब्ल्यू. सी. हँडी या बँडमास्तराने एका फाटक्या कपड्यांतल्या माणसाला गिटारच्या तारांवर चाकू फिरवत गाताना ऐकले होते. त्याच्या गाण्याचा विषय दोन रेल्वेमार्ग जिथे एकमेकांना छेदतात ते ठिकाण एवढाच होता. हँडीने आत्मचरित्रात ही आठवण लिहिली, आणि ब्लूजच्या इतिहासात तिचा उल्लेख टाळून कोणी पुढे जात नाही.

ब्लूज स्लाइडची पहिली तबकडी १९२३ मधली, सिल्व्हेस्टर वीव्हर याची. पण मनात घर करून राहते ते ३ डिसेंबर १९२७ रोजी डॅलस येथे झालेले ब्लाइंड विली जॉन्सनचे ‘डार्क वॉज द नाइट, कोल्ड वॉज द ग्राउंड’. शीर्षक एका जुन्या इंग्रजी स्तोत्रातले, ख्रिस्ताच्या शेवटच्या रात्रीबद्दलचे. गाण्यात एकही शब्द नाही. अंध जॉन्सन नुसता हुंकारतो, कण्हतो, आणि तार त्याच्या मागून तोच हुंकार भरते. कुठे आवाज संपला आणि कुठे तार सुरू झाली हे दर वेळी नक्की सांगता येत नाही. भजनी मंडळात एकाने ओळ सोडावी आणि बाकीच्यांनी उचलावी, तसे इथे एकच माणूस दोन्ही कामे करतो. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात गेलेल्या सोनेरी तबकडीवर हे गाणे आहे, केसरबाई केरकरांच्या ‘जात कहाँ हो’ या भैरवीसोबत. तबकडीवरचे हे दोन्ही आवाज एकमेकांपासून फार लांबचे वाटत नाहीत.

रेझोनेटर गिटारचा जन्म याच वर्षांतला, आणि त्याचे कारण अगदी व्यावहारिक होते : गिटार ऐकू येत नसे. ध्वनिवर्धक येण्याआधीच्या काळात पितळी वाद्ये आणि नाचणाऱ्यांचा गलका यांत तिचा आवाज बुडून जाई. जॉर्ज बोशॅम्प या हवाईयन गिटारवादकाच्या मागणीवरून जॉन डोपिएरा या स्लोव्हाक वंशाच्या कारागिराने लाकडी पाटीऐवजी पातळ ॲल्युमिनियमचे तीन शंकू बसवले. तारांचे कंपन घोडीवाटे या शंकूंत जाते आणि ते ध्वनिक्षेपकाच्या पडद्यासारखे थरथरतात, विजेशिवाय. १९२७ मध्ये लॉस एंजेलिसला नॅशनल कंपनी उभी राहिली. पुढे एका शंकूची आणि स्वस्त अशी वाद्ये निघाली. लवकरच डोपिएरा बंधूंनी वेगळे होऊन ‘डोब्रो’ काढली. हे त्यांच्या आडनावाचे आणि ‘ब्रदर्स’चे लघुरूप, शिवाय स्लोव्हाक भाषेत ‘डोब्रो’ म्हणजे ‘चांगले’. डोब्रोचे अंग बहुधा लाकडी असते आणि तिने पुढे ग्रामीण गोऱ्या संगीताची वाट धरली. धातूच्या अंगाची, भांड्यावर टिचकी मारावी तशी कणखर वाजणारी नॅशनल ब्लूजवाल्यांच्या हाती गेली. शिकागोचा टॅम्पा रेड सोन्याचा मुलामा दिलेली नॅशनल वाजवी. पत्र्याच्या अंगाची ‘डुओलियन’ ही त्यातली गरिबांची. याच बोशॅम्पने थोड्याच वर्षांत विजेवर चालणारी गिटार घडवायला हातभार लावला आणि रेझोनेटरचे मूळ प्रयोजनच संपले. आवाजाची गरज संपली तरी त्या आवाजाची ओढ राहिली, म्हणून १९८९ मध्ये कॅलिफोर्नियात नॅशनल रेझो-फोनिक ही नवी कंपनी ही वाद्ये पुन्हा घडवू लागली.

रेझोनेटरवरचा एकच अल्बम ऐकायचा असेल तर सन हाऊसचा ‘फादर ऑफ फोक ब्लूज’ (१९६५) ऐकावा. सन हाऊसने १९३० मध्ये विस्कॉन्सिनमधल्या ग्राफ्टन येथे पॅरामाउंट कंपनीसाठी गाणी दिली, १९४० च्या दशकात लोकगीतांचे संग्राहक ॲलन लोमॅक्स यांनी त्याला पुन्हा ध्वनिमुद्रित केले, आणि मग तो न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरला जाऊन दिसेनासा झाला. १९६४ मध्ये तीन तरुण चाहत्यांनी त्याला शोधून काढले, तेव्हा त्याचे वादन सुटून वर्षे लोटली होती. ॲलन विल्सन या विशीतल्या मुलाने त्याला त्याचीच जुनी गाणी पुन्हा हातात बसवून दिली. अल्बममधले ‘डेथ लेटर’ ऐकताना नळी तारांवर आदळते, पत्रा दणकतो, आणि प्रेयसीच्या मृत्यूचे पत्र मिळालेला माणूस प्रत्येक ओळीनंतर गिटारवर तेच दुःख ठोकून काढतो. सफाई कमी आहे. पण वयाची साठी ओलांडलेल्या त्या हातात इतका जोर आहे की सफाईची आठवण होत नाही. त्याच अल्बममध्ये दोन गाणी गिटारविना, नुसत्या टाळ्यांवर आहेत. ती ऐकली की गिटार त्याच्यासाठी दुसरा गळा का होती हे समजते.

बुका व्हाइटची कथाही अशीच. त्याच्या १९४० च्या तबकड्यांत ॲबरडीन गावावरचे एक गाणे होते. तेवढ्या धाग्यावरून जॉन फाही हा तरुण गिटारवादक आणि त्याच्या मित्राने १९६३ मध्ये ‘बुका व्हाइट, जुना ब्लूज गायक, ॲबरडीन, मिसिसिपी’ अशा पत्त्यावर पत्र टाकले. ते फिरत फिरत मेम्फिसला त्याच्या हाती पडले आणि तो पुन्हा गाऊ लागला. व्हाइट हा प्रसिद्ध ब्लूज गिटारवादक बी. बी. किंगच्या आईचा नातलग. त्याच्यासारखी स्लाइड आपल्याला जमत नाही म्हणून किंगने बोट तारेवर थरथरवून तो आवाज काढण्याचा प्रयत्न केला आणि त्यातूनच त्याचा जगप्रसिद्ध कंप जन्मला. म्हणजे ज्याने आयुष्यभर स्लाइड वापरली नाही, त्याच्या वादनातही ती आहे.

रेझोनेटरच्या प्रवाहाबाहेर राहूनही अटळ असलेला संग्रह म्हणजे रॉबर्ट जॉन्सनचा ‘किंग ऑफ द डेल्टा ब्लूज सिंगर्स’ (१९६१). १९३६ आणि १९३७ मधल्या ध्वनिमुद्रणांतून तो निवडला होता आणि तोवर जॉन्सनला जाऊन २३ वर्षे झाली होती. त्यातल्या ‘कम ऑन इन माय किचन’मध्ये तो मधेच गाणे थांबवून वाऱ्याच्या आवाजाकडे लक्ष वेधतो, आणि पुढच्याच क्षणी स्लाइडमधून वारा येतो. विजेवरच्या स्लाइडसाठी मडी वॉटर्सचे ‘आय कान्ट बी सॅटिस्फाइड’ (१९४८) आणि एल्मोर जेम्सचे ‘डस्ट माय ब्रूम’ (१९५१) ही दोन गाणी पाया समजली जातात. फ्रेड मॅक्डॉवेलच्या १९६९ मधल्या अल्बमचे नावच ‘आपण रॉक अँड रोल वाजवत नाही’ असे सांगणारे आहे. सुरुवातीला तो ते बोलूनही दाखवतो आणि मग विजेच्या गिटारवर शुद्ध ग्रामीण ब्लूज वाजवतो.

हाउंड डॉग टेलरचा पहिला अल्बम (१९७१) मला या सगळ्यांत सर्वांत आनंदी वाटतो. शिकागोच्या दक्षिण भागातल्या एका छोट्या बारमध्ये त्याला ऐकून भारावलेल्या २३ वर्षांच्या ब्रूस इग्लॉअरने वारशात मिळालेले पैसे घालून हजार प्रती काढल्या, आणि त्यातून ॲलिगेटर रेकॉर्ड्स ही कंपनी उभी राहिली. दोन गिटारी, एक ड्रम, बास नाही. टेलरची गिटार स्वस्त जपानी बनावटीची होती आणि त्याचा ध्वनिवर्धक करकरे. ती करकर कोणी पुसून काढली नाही, हे फार बरे झाले. त्याच वर्षी ऑलमन ब्रदर्स बँडच्या ‘ॲट फिलमोर ईस्ट’मध्ये ड्वेन ऑलमनने सर्दीच्या गोळ्यांच्या काचेच्या बाटलीने स्लाइड वाजवली. तशा बाटल्या आज खास गिटारवादकांसाठी बनतात.

सिगार बॉक्स गिटार वयाने रेझोनेटरपेक्षा मोठी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर अमेरिकेत सिगार ठरावीक संख्येच्या लाकडी खोक्यांत भरून विकल्या जाऊ लागल्या आणि पातळ, हलकी, आवाजाला उत्तम अशी रिकामी खोकी घरोघरी पडून राहू लागली. खोक्याला झाडूचा दांडा जोडला, तीन तारा ताणल्या की वाद्य तयार. हिला बरेचदा पडदे नसतातच, त्यामुळे स्लाइड ओघानेच येते. जी-डी-जी अशी जुळणी असते, म्हणजे सा आणि प, गंधार वगळून. लाइटनिन हॉपकिन्स, कार्ल पर्किन्स अशा कित्येकांचे पहिले वाद्य हेच. पण पैसे हाती येताच ते बाजूला पडे, आणि म्हणून जुन्या ब्लूज तबकड्यांत सिगार बॉक्सचा आवाज जवळजवळ सापडत नाही. या वाद्याचे अल्बम एकविसाव्या शतकातले आहेत. सीसिक स्टीव्हचा ‘डॉग हाउस म्युझिक’ (२००६) हा त्या लाटेतला महत्त्वाचा अल्बम. त्यात खोक्यापेक्षा तीनच तारांची एक मोडकी गिटार आणि डिडली बो यांची गोष्ट मोठी आहे, पण कमी तारांत पुरे गाणे मांडता येते हे त्याने लाखोंना दाखवले. २०१२ च्या डिसेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पॉल मॅकार्टनीने सिगार बॉक्स गिटार घेतली. मिसुरी राज्यातल्या कॅन्सस सिटीची समँथा फिश ‘किल ऑर बी काइंड’ (२०१९) मधल्या ‘बुलेटप्रूफ’ या गाण्यात तिचा खरखरीत, दणकट वापर करते.

भारताशी या रीतीचे नाते हवाई बेटांच्या बाजूने जुळले. हवाईयन कलावंत ताऊ मो १९४० च्या दशकात कोलकात्यात राहून शिकवत होता. मुंबईच्या चित्रपटसंगीतात व्हॅन शिप्ले आणि हजारा सिंग यांच्या हवाईयन गिटारवरच्या सिनेगीतांच्या तबकड्या मराठी घरांतही वाजत. रागसंगीतात ब्रिजभूषण काबरा यांनी ती प्रतिष्ठित केली आणि विश्वमोहन भट यांनी तिच्यात चिकारीच्या व तरफांच्या तारा घालून मोहनवीणा घडवली. भट आणि ब्लूज स्लाइडचा मातब्बर वादक राय कूडर यांनी १९९२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरा येथील एका प्रार्थनागृहात ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’ ध्वनिमुद्रित केला. दोघांची पहिली भेट होऊन तासही झाला नव्हता. तबल्यावर सुखविंदरसिंग नामधारी होते, आणि साथीला कूडरचा किशोरवयीन मुलगा. अल्बमला ग्रॅमी मिळाले. त्यात फक्त चार रचना आहेत. तिसरीचे नाव ‘गँजेस डेल्टा ब्लूज’. चौथी ‘इसा लेई’, फिजी बेटांवरचे निरोपाचे गाणे; शेवटी दोन्ही वाद्ये एकाच ओळीवर येतात आणि कोणती तार कोणाची हे ओळखू येत नाही.