‘सगळे विषय’ म्हणजे नक्की कोणते? मुंबईतल्या घरच्या शिकवणीची पार्श्वभूमी

नववी-दहावीच्या मुलाला घरी जाऊन शिकवायचं म्हटलं की आईचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "मॅडम, सगळे विषय घेता ना?" मी हो म्हणते, पण या दोन शब्दांचा अर्थ गेल्या पंधरा-सोळा वर्षांत इतका बदललाय की आधी नीट बोलून घेतलं नाही तर सहामाहीनंतर हमखास वाद होतो.

आमच्या आईवडिलांच्या वेळी परळ-लालबागकडे शिकवणी लावली म्हणजे पोरगं अभ्यासात कच्चं, असंच समजायचे. शिकवणारा बहुतेक शेजारचाच, कॉलेजात जाणारा, शिकवण्या करून स्वतःची फी भरणारा, आणि तो खरंच सगळं घ्यायचा, पाढ्यांपासून पत्रलेखनापर्यंत, गॅलरीत चटई टाकून, कारण खोलीत जागाच नसायची. बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची, तिथे कोण कुठे वही उघडणार, वरळीत तर पोरं रस्त्यावरच्या दिव्याखाली बसायची म्हणून त्या गल्लीलाच अभ्यास गल्ली म्हणायला लागले. मग जुनी अकरावीची मॅट्रिक गेली, १९७५ ला दहावीची पहिली बॅच बाहेर पडली, अकरावीला कुठलं कॉलेज मिळणार ते दहावीच्या टक्क्यांवर ठरायला लागलं, आणि मोठे क्लास आले. क्लास म्हणजे बाकावर बाक आणि शिकवणी म्हणजे एकटं पोर, हा फरक तेव्हापासूनचा.

पण खरी उलथापालथ झाली ती २००८ ते २०१० मध्ये. आपल्या राज्य बोर्डाच्या मुलांना चांगल्या कॉलेजात जागा मिळत नाहीत, आयसीएसईसारख्या दुसऱ्या बोर्डाची मुलं जास्त टक्के घेऊन येतात, अशी ओरड होती. सरकारने आधी वेगवेगळ्या बोर्डांचे मार्क एका पातळीवर आणायला पर्सेंटाइलचा फॉर्म्युला आणला, हायकोर्टाने तो रद्द केला. २००९ ला ९०:१० चा कोटा आणला, म्हणजे ९० टक्के जागा राज्य बोर्डाला आणि १० टक्के बाकीच्यांना, तोही टिकला नाही. २०१० ला बेस्ट ऑफ फाइव्ह आणलं, म्हणजे सहा विषयांतले चांगले पाच धरायचे. दुसऱ्या बोर्डाचे पालक कोर्टात गेले, आमच्या मुलांचे सगळे विषय धरता आणि तुमच्यांचे पाचच, हे कसं चालेल, आणि त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. हायकोर्टाने जूनमध्ये हाही निर्णय रद्द केला, जुलैमध्ये सुप्रीम कोर्टाने मान्य केला, आणि मधल्या दिवसांत मुलं नुसती लटकलेली.

याने काय होतं ते आकड्यात बघा. मराठी ६२, हिंदी ७०, इंग्रजी ७४, गणित ८८, विज्ञान ८४, समाजशास्त्र ८०. सहाची बेरीज ४५८, म्हणजे ७६.३३ टक्के. मराठी सोडलं तर ५०० पैकी ३९६, म्हणजे ७९.२०. जवळजवळ तीन टक्के वाढले, तेही काही न शिकता! अकरावीच्या यादीत तीन टक्के म्हणजे घराजवळचं कॉलेज की लोकलने तासभर लांबचं, एवढा फरक. म्हणून पालकांना मी दोष देत नाही. पण पुढच्याच वर्षी माझ्या एका विद्यार्थ्याची आई रफ वहीच्या मागच्या पानावर हाच हिशोब करून बसली होती आणि म्हणाली, मराठीचा तास गणिताला द्या. पोरगा समोरच होता. त्याने मराठीचं पुस्तक उचलून दप्तरात ठेवलं ते वर्षभर माझ्यासमोर परत काढलं नाही. घरात मराठी बोलणाऱ्या मुलाचा मराठीच सहावा विषय झाला याचं मला आजही वाईट वाटतं, मुलांना टक्के मिळाले हे मान्य करूनसुद्धा.

तिथून ‘सगळे विषय’ म्हणजे बीजगणित, भूमिती, विज्ञानाचे दोन भाग आणि इंग्रजी. इतिहास-भूगोल म्हणजे परीक्षेआधी दोन रविवार. संस्कृत मात्र स्कोअरिंग म्हणून राहिलं, शंभरचं असो की हिंदीबरोबरचं संयुक्त.

नंतरही नियम बदलतच राहिले. २०१९ च्या परीक्षेला भाषा आणि इतिहास-भूगोलाचे शाळेकडचे, म्हणजे तोंडी वगैरेचे, २० मार्क काढले, निकाल ८९.४१ वरून ७७.१० टक्क्यांवर आला आणि वर्षभरात मार्क परत दिले. त्या एका वर्षी भाषांसाठी पुन्हा फोन आले. २०२० ला लॉकडाउनमुळे भूगोलाचा पेपरच झाला नाही, बाकीच्या पेपरांवरून सरासरी मार्क दिले. २०२१ ला परीक्षाच नाही, निकाल ९९.९५ टक्के, वर अकरावीसाठी सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा, जाहीर केली, आम्ही ऑनलाइन तयारी करून घेतली आणि ऑगस्टमध्ये हायकोर्टाने ती रद्द केली.

जानेवारी २०२४ मध्ये केंद्राने कोचिंगसाठी सूचना काढल्या, १६ वर्षांखालच्या मुलांना प्रवेश देऊ नका वगैरे, पण त्यात कोचिंग म्हणजे ५० पेक्षा जास्त विद्यार्थी. एकट्या मुलाची शिकवणी त्यात बसतच नाही. शाळेतल्या शिक्षकांना खासगी शिकवणी घ्यायला शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ ने मनाई आहे, माझ्यासारख्या बाहेरच्यांना तेही लागू नाही. त्यामुळे कुठले विषय, किती तास, हे सगळं आजही त्या आईच्या आणि माझ्या बोलण्यावरच ठरतं. मी आता फोनवरच विचारते, बोर्ड कुठलं, आणि मराठी धरायचं की नाही. धरायचं नसेल तरी आठवड्यातला अर्धा तास मी मराठीला ठेवते, त्याचे पैसे लावत नाही.