डिव्हाइस अटेस्टेशन: यंत्राला जामीन कोण?

डिव्हाइस अटेस्टेशन म्हणजे फोन किंवा संगणकाने आपण 'अस्सल' असल्याचा पुरावा समोरच्या सर्व्हरला देणं. कुठलं यंत्र जोडू द्यायचं हा वाद मात्र जुना आहे. अमेरिकेत एकेकाळी एटी अँड टी या टेलिफोन कंपनीच्या फोनलाइनला परकं उपकरण जोडायला सक्त मनाई होती. बोलणं शेजारच्याला ऐकू जाऊ नये म्हणून फोनवर बसवायच्या 'हश-अ-फोन' नावाच्या साध्या टोपणावरूनही कंपनी कोर्टात भांडली आणि १९५६ मध्ये हरली. १९६८ च्या 'कार्टरफोन' निकालाने नियमच बदलला: नेटवर्कला इजा होत नसेल तर ग्राहक हवं ते उपकरण जोडू शकतो. इतर कंपन्यांच्या मोडेमना वाट मिळाली ती इथूनच.

इंटरनेट याच वळणावर वाढलं. समोरचं यंत्र ठरलेल्या प्रोटोकॉलमध्ये बोलतंय ना, एवढंच सर्व्हर बघायचा. ब्राउझर आपली ओळख स्वतःच सांगतो, आणि ती खरी असेलच असं नाही. क्रोम आणि सफारी आजही स्वतःला 'मोझिला/५.०', म्हणजे दुसराच ब्राउझर, म्हणवतात!

यंत्राकडून पुरावा मागण्याची कल्पना १९९९ मध्ये आकाराला आली. इंटेल, मायक्रोसॉफ्ट, आयबीएम, एचपी आणि कॉम्पॅक यांनी एकत्र येऊन टीपीएम या सुरक्षा-चिपचा पाया घातला. २००२ मध्ये मायक्रोसॉफ्टने 'पॅलेडियम' ही अशाच चिपवर आधारलेली विंडोजची सुरक्षा-योजना जाहीर केली तेव्हा केंब्रिजचे संगणक-सुरक्षातज्ज्ञ रॉस अँडरसन आणि मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे रिचर्ड स्टॉलमन यांनी टीकेची झोड उठवली. पैसे मोजून घेतलेला संगणक मालकाऐवजी दुसऱ्याचं ऐकेल, हा त्यांचा आक्षेप मला आजही बिनतोड वाटतो. पॅलेडियम गुंडाळलं गेलं. चिप मात्र टिकली, आणि २०२१ मध्ये विंडोज ११ साठी सक्तीची झाली.

वेबवर हाच वाद २०२३ मध्ये पेटला. ब्राउझर आणि यंत्र 'अस्सल' असल्याची खात्री वेबसाइटला देणारा 'वेब एन्व्हायर्नमेंट इंटिग्रिटी' हा प्रस्ताव गूगलच्या इंजिनिअरांनी मांडला. फायरफॉक्स ब्राउझरवाल्या मोझिलाने विरोध केला आणि नोव्हेंबरमध्ये गूगलने तो मागे घेतला. ॲपलने मात्र आदल्याच वर्षी यंत्र अस्सल असल्याची अशीच हमी वेबसाइटला देणारं 'प्रायव्हेट ॲक्सेस टोकन' आणलं होतं. 'मी रोबो नाही' हे सिद्ध करायला लावणाऱ्या कॅप्चाचा जाच कमी होणार म्हटल्यावर फारसं कुणी ओरडलं नाही.

फोनवर तर माघार झालीच नाही. अँड्रॉइडमध्ये सर्व्हर एक यादृच्छिक आकडा पाठवतो. फोनमधली सुरक्षित चिप त्यासह बूटलोडर (फोन सुरू करताना सिस्टिम चढवणारा प्रोग्रॅम) लॉक आहे का, सिस्टिम कुणाच्या सहीची आहे, हे लिहून स्वतःची सही करते. बॉट आणि फसवणूक रोखायला हे उपयोगी आहे, यात वाद नाही. पण फोन विश्वासू आहे की नाही हे ॲपला सांगणाऱ्या गूगलच्या 'प्ले इंटिग्रिटी' सेवेच्या नेहमीच्या पातळीवर वर्षानुवर्षं सुरक्षा-अपडेट न मिळालेला प्रमाणित फोन पास होऊ शकतो, आणि सुरक्षेसाठी नावाजलेली ग्राफीनओएस ही अँड्रॉइडवर आधारलेली सिस्टिम नापास होते. ग्राफीनओएसची सही ओळखणं तांत्रिकदृष्ट्या मुळीच अवघड नाही. चिपने दिलेला पुरावा ॲपवाले थेट तपासू शकतात. पण बहुतेकजण गूगलचा आयता निकालच घेतात.