धुळीचा फिल्टर आणि वाफेचा फिल्टर: ट्रॅक्टरच्या केबिनमध्ये कोण काय अडवतो

ट्रॅक्टरची किंवा हार्वेस्टरची वातानुकूलित केबिन बंद असली, की चालकाच्या फुप्फुसांची काळजी मिटली असे सर्रास मानले जाते. कापणीच्या धुरळ्यात ज्या केबिनमध्ये स्वच्छ श्वास घेता आला, तीच केबिन कीटकनाशकाच्या फवारणीतही पुरेशी ठरेल असे वाटणे स्वाभाविक असले, तरी ते धोकादायक आहे. धूळ अडवणारा फिल्टर आणि रसायनाची वाफ अडवणारा फिल्टर दिसायला पुष्कळदा सारखे असतात आणि छतावरच्या किंवा मागच्या त्याच खणात बसतात. मात्र दोघांचे काम करण्याचे तत्त्व वेगळे आहे आणि निकामी होण्याची रीतही वेगळी आहे.

धुळीचा फिल्टर घड्या घातलेल्या कागदाचा किंवा कृत्रिम धाग्यांचा असतो. हवेतले कण या धाग्यांवर आदळून किंवा त्यांना घासून अडकतात, आणि अतिसूक्ष्म कण स्वतःच्या अस्थिर हालचालीमुळे धाग्यांना चिकटतात. शेतातली माती, धान्याचा कोंडा, बुरशी लागलेल्या वाळल्या चाऱ्यातून उडणारे सूक्ष्म बीजाणू हे सगळे कणच आहेत. या बीजाणूंमुळे होणारा फुप्फुसांचा दाह अनेक देशांत ‘शेतकऱ्याचे फुप्फुस’ या नावाने ओळखला जातो, तेव्हा या फिल्टरचे महत्त्व मुळीच कमी नाही. फवारणीतले बारीक तुषार अडवण्यासाठी मात्र साधा कागदी फिल्टर अपुरा पडतो आणि त्याहून कितीतरी घट्ट विणीचे माध्यम लागते.

वाफ म्हणजे सुटे रेणू. ते कोणत्याही विणीतून आरपार जातात, म्हणून तेथे सक्रिय कार्बन वापरावा लागतो. या कोळशाच्या एका ग्रॅममध्ये इतकी सूक्ष्म छिद्रे असतात की त्यांच्या आतल्या भिंतींचे एकूण क्षेत्रफळ ५०० चौरस मीटरहून अधिक भरते, आणि रसायनाचे रेणू त्या भिंतींना चिकटून बसतात. जागा भरली की पुढचे रेणू सरळ केबिनमध्ये येतात. हवेतल्या आर्द्रतेनेही ही जागा व्यापली जाते. म्हणून सीलबंद वेष्टनातून काढलेला कार्बन फिल्टर न वापरता उघडा ठेवला, तरी त्याची क्षमता घटत राहते.

खरा धोका या फरकातच आहे. धुळीचा फिल्टर भरला की चालकाला ते जाणवते: पंख्याची हवा कमी होते, केबिनमधला दाब उतरतो. कार्बन संपल्यावर यातले काहीच घडत नाही. हवेचा जोर तसाच राहतो, थंडावाही तसाच राहतो. वास आल्यावर बदलू, असे म्हणणे चुकीचे आहे, कारण काही रसायनांना जाणवण्याजोगा वास नसतो आणि वास आला असेल तर वाफ आत शिरलेलीच असते. म्हणून कार्बन फिल्टर उत्पादकाने सांगितलेल्या तासांनुसार आणि मुदतीनुसारच बदलला पाहिजे. तो हवेचा झोत मारून स्वच्छ करता येत नाही, आणि नांगरणी-मळणीच्या धुळीत तो बसवून ठेवल्यास महागडी वस्तू विनाकारण खराब होते.

युरोपात हा भेद ईएन १५६९५ या मानकाने स्पष्ट केला आहे. त्यात केबिनचे चार वर्ग आहेत: पहिल्यात विशिष्ट संरक्षणाची हमी नाही, दुसरा धुळीपासून, तिसरा धूळ व तुषारांपासून आणि चौथा धूळ, तुषार व वाफ या तिन्हींपासून संरक्षण देतो. तिसऱ्या व चौथ्या वर्गात केबिनमधला दाब बाहेरच्यापेक्षा किमान २० पास्कल अधिक असावा लागतो. पाण्याच्या स्तंभात मोजला तर हा दाब जेमतेम २ मिलिमीटर भरतो, आणि दाराचे फाटलेले रबर किंवा वायर नेण्यासाठी पाडलेले एक भोकही तो घालवू शकते. मग फिल्टर कितीही उत्तम असो, हवा त्याला वळसा घालून आत येते. बाहेरची हवा बंद करून आतलीच फिरवत ठेवल्यानेही दाब नाहीसा होतो.

अमेरिकेच्या शेतकामगार संरक्षण नियमांतही हाच विचार दिसतो. औषधाच्या लेबलवर केवळ कण अडवणारा मास्क सांगितला असेल, तर हवा गाळण्याची यंत्रणा नीट चालणाऱ्या बंद केबिनमध्ये तो न लावण्याची मुभा आहे. वाफ अडवणारे श्वसनसाधन सांगितले असेल, तर ते केबिनमध्ये बसूनही लावावेच लागते.

नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागांत ब्लोअर ओढणारे छोटे ट्रॅक्टर बहुतेक बिनकेबिनचेच असतात, त्यामुळे तेथे औषधाला योग्य असे श्वसनसाधन हाच आधार उरतो. तोंडावर बांधलेला रुमाल वाफ अडवत नाही. केबिन असलेले यंत्र घेणाऱ्यांनी मात्र विक्रेत्याला ‘एसी आहे का’ एवढेच विचारून थांबू नये. केबिन कोणत्या वर्गाची आहे, कार्बन फिल्टर त्या मॉडेलसाठी मिळतो का आणि दाब दाखवणारा निर्देशक आहे का, हेही विचारावे. फवारणीत नोझल साफ करायला खाली उतरलेल्या चालकाने औषध लागलेले हातमोजे उतरवूनच परत आत बसावे, कारण जे रसायन दारातून आत आले, त्याच्या वाटेत कोणताच फिल्टर नसतो.